कामाच्या ठिकाणी देण्याची रीत कशी रुजते? एका कारखान्याचा अनुभव आणि एक अडचण (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

भोसरीकर

पुण्याजवळ भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी कार्मिक विभाग सांभाळतो. कंत्राटी कामगार धरून सुमारे १४० माणसे तीन पाळ्यांत काम करतात. हजेरी, पगार, रजा, तक्रारी आणि दिवाळीची मिठाई ही सगळी माझ्याकडची कामे आहेत. त्यातच गेल्या काही वर्षांपासून आणखी एक काम आले आहे. कारखान्यातील माणसांनी मिळून समाजासाठी काही द्यावे आणि ते देणे एकदाच्या वर्गणीपुरते न राहता कामाच्या जीवनाचा भाग व्हावे, यासाठी व्यवस्था उभी करणे, असे ते काम आहे. या कामात मी आरंभीच एक मोठी चूक केली होती. आजच्या अडचणीचे मूळही त्या चुकीतच असल्याने आधी ती सांगतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत महापूर आला. वर्तमानपत्रांतील छायाचित्रे पाहून सगळ्यांचेच मन हेलावले होते. मालकांनी मला विचारले आणि मी त्याच दिवशी सूचनाफलकावर सूचना लावली: सर्व कर्मचाऱ्यांचा एक दिवसाचा पगार पूरग्रस्तांच्या मदतीसाठी कापण्यात येईल, ज्यांची हरकत असेल त्यांनी कार्मिक विभागास लेखी कळवावे. एकाही माणसाने लेखी कळवले नाही. सर्वांची मनापासून संमती आहे असा अर्थ मी त्यातून काढला आणि खरे सांगायचे तर मला त्याचा अभिमानही वाटला.

पुढच्या महिन्याच्या सात तारखेला पगारपत्रके वाटली गेली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, काम करणारा एक तरुण माझ्या टेबलाशी आला. त्याने पगारपत्रक माझ्यासमोर ठेवले आणि कपातीच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "साहेब, हे माझ्याच घरासाठी कापले आहे का?" तो शिरोळ तालुक्यातला होता. त्याचे घर आठवडाभर पाण्यात होते, त्याचे आईवडील शाळेतल्या निवारा केंद्रात राहत होते आणि त्याने चार दिवसांची बिनपगारी रजा घेतली होती. त्या रजेचा अर्ज माझ्याच सहीने मंजूर झालेला होता. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्याला खरोखरच काय ते समजून घ्यायचे होते. हरकत का कळवली नाही, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला की पूरग्रस्तांना पैसे देण्यास माझी हरकत आहे, असे कागदावर लिहून कोण देईल?

त्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. कापलेली सगळी रक्कम आम्ही परत केली आणि मग एकेक नियम ठरत गेला. हरकतीच्या कागदाऐवजी संमतीचा कागद आला. ज्याला द्यायचे आहे तो लिहून देतो. ज्याला द्यायचे नाही त्याला काहीच करावे लागत नाही. रक्कम दहा रुपयेही चालते आणि ती कोणत्याही महिन्यात कारण न सांगता बदलता किंवा बंद करता येते. कोण किती देतो हे केवळ पगार काढणाऱ्या एका लिपिकाला ठाऊक असते. विभागप्रमुखांना ते कळत नाही आणि मलाही कळत नाही. पूर्वी आम्ही देणगीदारांची यादी रकमेसह फलकावर लावत असू, ती कायमची काढली. जमलेल्या रकमेइतकीच रक्कम मालक स्वतःकडून घालतात.

पैसे कोणाला द्यायचे हे सात जणांची समिती ठरवते आणि ती समिती दरवर्षी चिठ्ठ्या टाकून निवडली जाते. चिठ्ठीत देणाऱ्यांची नावे असतात तशी न देणाऱ्यांचीही असतात आणि कंत्राटी कामगारांचीही असतात. न देणाऱ्याला ठरवण्याचा अधिकार कशाला, असे पहिल्या वर्षी अनेकांनी विचारले. परंतु माझा अनुभव असा आहे की संस्थेला सर्वांत नेमके प्रश्न हेच लोक विचारतात.

समितीचा एक नियम असा की प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काही द्यायचे नाही. हा नियम दुसऱ्या वर्षी आला आणि त्याचे कारणही तसेच आहे. आंबेगाव तालुक्यातल्या एका वसतिगृहाला थंडीत ब्लँकेटे द्यायची, असे आमचे ठरले होते. मोजमाप घ्यायला म्हणून आधी चौघे जण गेले. तिथल्या ताईंनी त्यांना शांतपणे एक कपाट उघडून दाखवले. ते तळापासून छतापर्यंत ब्लँकेटांनी भरलेले होते आणि बरीच प्लॅस्टिकमधून बाहेरही काढलेली नव्हती. मग त्या त्यांना मागच्या बाजूला बोअरजवळ घेऊन गेल्या. बोअरची मोटर वर्षात तीनदा जळाली होती आणि दर वेळी मुली आठ आठ दिवस ओढ्यावरून पाणी आणत होत्या. आमच्यापैकी एक जण मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन होता. त्याने स्टार्टरचे झाकण उघडले. एक फेज गेल्यावर मोटर बंद करणारे उपकरण कोणीतरी तारेने जोडून निकामी केलेले होते आणि बोअरचे पाणी संपल्यावर मोटर थांबवणारी सोय मुळातच नव्हती. पुढच्या आठवड्यात त्याने दोन्ही गोष्टी बसवून दिल्या. खर्च ब्लँकेटांच्या अंदाजापेक्षा कितीतरी कमी आला. तेव्हापासून आमचे मेंटेनन्सचे दोघे जण दर तिमाहीला तिथे एक फेरी मारतात.

आता अडचण सांगतो. मालकांची पुढची पिढी कामात आली आहे. ती मुले मनाने चांगली आहेत आणि त्यांना हे काम वाढवायचे आहे. कारखान्याची ओळखच ध्येयनिष्ठ कार्यसंस्कृती अशी व्हावी, असे ते म्हणतात. त्यासाठी प्रत्येक विभागातील किती टक्के माणसे देतात याचा तक्ता प्रवेशद्वाराशी लावावा आणि सहभाग वाढवण्याचे उद्दिष्ट विभागप्रमुखांना द्यावे, असा त्यांचा प्रस्ताव आहे. मला त्यात २०१९ ची ती सूचना पुन्हा दिसते. परंतु माझी भीती अनाठायीही असू शकेल. ज्यांनी आपापल्या ठिकाणी असे काही पाहिले आहे, त्यांनी लिहावे.

हिंजवडी

आपली भीती अनाठायी नाही. मी ज्या सॉफ्टवेअर कंपनीत अकरा वर्षे होतो, तिथे स्वयंसेवेच्या तासांचा रकाना वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जात आला आणि पहिल्याच वर्षी तास प्रचंड वाढले. सहभागाचा आकडा सभेत मोठ्या अभिमानाने दाखवला गेला. प्रत्यक्षात मार्च महिन्यात, म्हणजे मूल्यमापनाच्या तोंडावर, बसगाड्या भरून आम्ही टेकडीवर झाडे लावायला जात होतो. मार्चमध्ये लावलेले रोप पुण्याच्या उन्हात टँकरच्या पाण्याशिवाय जगत नाही, हे आमच्यातल्या शेतकऱ्यांच्या घरच्या मुलांना चांगले ठाऊक होते. पण तास मार्चअखेर भरायचे होते आणि झाडे लावण्याचा काळ जून-जुलैचा असतो. तो काळ त्या रकान्याच्या हिशेबात बसत नव्हता.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. आमच्यातले पाच जण शनिवारी महापालिकेच्या एका शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना गणित शिकवत. हे रकाना येण्याआधीपासून चालू होते आणि मी कंपनी सोडली तेव्हाही चालू होते. त्यांनी अर्जात आपले तास कधीही भरले नाहीत. त्यांच्यातल्या एका मैत्रिणीला मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली की तास लिहायला लागले की मुले कमी शिकली तरी चालते, तास भरले म्हणजे झाले.

जुना सभासद

मी एका बँकेत तेहतीस वर्षे नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षे कर्मचारी संघटनेचे काम केले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर आमच्या विभागातल्या कर्मचाऱ्यांनी जे दिले ते मी आयुष्यभर विसरणार नाही. त्यात कुठेही व्यवस्थापनाची सूचना नव्हती. संघटनेची सभा झाली, दोन तास चर्चा झाली, एक दिवसाचा पगार द्यावा की दोन दिवसांचा यावर मतभेद झाले आणि शेवटी ठराव झाला. ज्याला जमणार नाही त्याने कार्यकारिणीतल्या कोणाही एकाला नुसते तोंडी सांगावे, पुढे विचारणा होणार नाही, असे त्या ठरावातच लिहिलेले होते. पैसे गेलेच, शिवाय आमचे लातूर आणि औसा भागातले सहकारी सुट्ट्या टाकून पत्र्याच्या निवाऱ्यांत जाऊन राहिले. पासबुके मातीखाली गेली होती, नुकसानभरपाईचे धनादेश येणार होते आणि लोकांची खाती उघडून देणे हे काम आमच्याइतके दुसऱ्या कोणाला येत नव्हते. आपल्या इलेक्ट्रिशियनची हकीगत वाचून मला तेच आठवले. आपल्या हातातले कसब जिथे उपयोगी पडते तिथे माणूस कोणी न सांगता जातो.

नव्या मालकांना माझे एक सांगणे आहे. देण्याची संस्कृती कारखान्यात आणायची आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ती तिथे नाही असे गृहीत धरतो. ती असते. आपल्या कारखान्यात भिशी असेल, पतपेढी असेल. एखादा सहकारी अचानक गेला तर त्याच्या बायकोमुलांसाठी पाकीट फिरत असेल. कोणाच्या मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी पाळीतल्या सगळ्यांनी पदरमोड केली असेल. त्याची कुठे नोंद नसते म्हणून कार्यालयाला ती दिसत नाही. आधी ही माणसे आपसांत कशी देतात, कोणावर विश्वास ठेवतात आणि हिशेब कोणाच्या हाती देतात, हे पाहावे. त्याच माणसाच्या हाती हेही काम द्यावे.

ताळेबंद

मी व्यवसायाने लेखापाल आहे. या विषयात कायद्याच्या बाबतीत फार गोंधळ असतो, म्हणून थोडे स्पष्टीकरण देतो.

सामाजिक उत्तरदायित्वाचा खर्च, ज्याला सगळे सीएसआर म्हणतात, तो कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येतो आणि १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. लगतच्या आधीच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये किंवा अधिक, अथवा उलाढाल १००० कोटी किंवा अधिक, अथवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम परिशिष्ट सातमध्ये दिलेल्या कामांवर खर्च करायची असते. हा कंपनीचा खर्च आहे. कामगारांनी आपल्या पगारातून दिलेले पैसे त्यात कधीही धरता येत नाहीत. अनेक ठिकाणी वार्षिक अहवालात दोन्ही आकडे एकत्र करून छापण्याचा मोह होतो, तो टाळावा. मालकांनी जोडीने घातलेली रक्कम अटी पूर्ण होत असल्यास त्यात बसू शकते. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचे काम मात्र त्यात बसत नाही.

दुसरा मुद्दा प्रशासकीय खर्चाचा आहे. यात ५ टक्क्यांची मर्यादा आहे हे खरे, परंतु ती कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांवर थेट होणारा खर्च त्या मर्यादेत येत नाही. तरीही पुष्कळ कंपन्या संस्थांना सांगतात की आमच्या पैशातून पगार देता येणार नाहीत. शिक्षक, परिचारिका, अधीक्षक यांचे पगार म्हणजेच तर त्या संस्थेचे काम असते.

तिसरा मुद्दा आयकराचा. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०जी (१ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या आयकर कायद्यातील कलम १३३) खालील देणगीवरची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या करप्रणालीत मिळत नाही. बहुसंख्य संस्थांच्या बाबतीत ती देणगीच्या ५० टक्के असते आणि तिला समायोजित उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा असते. रोख २००० रुपयांहून अधिक दिलेल्या देणगीला वजावट नाही, वस्तुरूप देणगीलाही नाही. संस्थेकडून देणगीचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र घ्यावे लागते. आपल्या कारखान्यातील बहुतेक कामगारांना कर लागतच नसेल, तेव्हा कर वाचतो असे सांगून त्यांच्याकडून संमती घेऊ नये. ती दिशाभूल होईल. संस्था पाहताना धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि विश्वस्तांमध्ये एकाच घरातली किती माणसे आहेत, एवढे जरी समितीने तपासले तरी पुष्कळ काम होते.

वसतिगृह

आजवर देणाऱ्यांनी लिहिले. मी घेणाऱ्या बाजूने लिहिते. विदर्भातल्या एका छोट्या वसतिगृहात मी चौदा वर्षे अधीक्षक आहे आणि आमच्याकडे साठ मुली राहतात.

दान उत्सव हा देण्याचा सप्ताह २००९ पासून साजरा होतो आणि आता तो दरवर्षी २ ते ८ ऑक्टोबर या काळात असतो. तो चांगल्या हेतूने सुरू झाला आणि त्याने पुष्कळ लोकांना पहिल्यांदा देण्याची सवय लावली, हे मी मानते. परंतु आमच्याकडे त्या एका आठवड्यात जितकी माणसे येतात तितकी उरलेल्या वर्षात येत नाहीत. एका वर्षी सात दिवसांत सहा कंपन्या आल्या. प्रत्येकीसाठी मुलींनी स्वागतगीत म्हटले, प्रत्येकीसाठी एका मुलीने उभे राहून आपली कहाणी सांगितली. सहाव्या दिवशी त्या मुलीला बोलता बोलता रडू कोसळले. पाहुण्यांना वाटले की ती भारावली आहे. ती थकली होती आणि आपले वडील कसे गेले हे अनोळखी माणसांना सहाव्यांदा सांगत होती. त्या दिवसापासून मी कहाणी सांगणे बंद केले आहे. त्यामुळे एक देणगीदार तुटले, तरीही मला त्याचे वाईट वाटत नाही.

आम्हाला वस्तू पुष्कळ मिळतात. वह्या मिळतात, दप्तरे मिळतात, दिवाळीच्या आधी फराळ मिळतो. मिळत नाही ते स्वयंपाकीणबाईंचा पगार, विजेचे बिल, डोळे तपासून आणायला लागणारे गाडीभाडे आणि जून महिन्याचा किराणा. जूनमध्ये मुली परत येतात आणि तोवर मागच्या वर्षीची देणगी संपलेली असते. एकरकमी लाख रुपयांपेक्षा दरमहा न चुकता येणारे पाच हजार मला अधिक उपयोगाचे असतात, कारण त्यांच्या भरवशावर मी कोणाला तरी कामावर ठेवू शकते. आपल्या कारखान्याची दरमहाची पद्धत मला म्हणूनच आवडली.

आपल्या समितीने भेटीला जाताना चार गोष्टी विचाराव्यात अशी विनंती आहे. गेल्या वर्षी कोणत्या महिन्यात पैसे संपले? कोणते काम पैशाअभावी बंद पडले? आम्ही न देता निघून गेलो तर सर्वांत आधी काय थांबेल? आणि आम्ही देत असलेल्या कोणत्या गोष्टीची तुम्हाला गरज नाही? शेवटच्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायला आम्हाला धीर लागतो. देणगीदार नाराज होईल ही भीती कायम असते. आंबेगावच्या त्या ताईंनी कपाट उघडून दाखवले, त्यांच्या धैर्याचे मला फार कौतुक वाटते.

पाळी क्रमांक तीन

मी चाकणला एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. सगळे चांगले लिहीत आहेत, पण माझ्या मनातले स्पष्ट लिहितो. आमच्याकडे प्रवेशद्वारावर मोठा फलक आहे आणि त्यावर कंपनीने किती शाळांना संगणक दिले हे लिहिले आहे. त्याच प्रवेशद्वारातून आम्ही आत येतो. जादा कामाचे पैसे आम्हाला दोन दोन महिने मिळत नाहीत आणि ठेकेदार भविष्य निर्वाह निधी भरतो की नाही हे मोबाइलवर स्वतःच पाहावे लागते. ज्याचा पगार वेळेवर होत नाही त्याला समाजासाठी दे म्हणणे बरोबर नाही. संगणक देऊ नयेत असे मी म्हणत नाही. ते द्यावेत, पण आधी आमचा हिशेब पूर्ण करावा.

भोसरीकर

पाळी क्रमांक तीन, आपण लिहिले ते शब्दशः खरे आहे आणि मी त्यातून आमच्या कारखान्याला वगळत नाही. आमच्याकडे पहिली दोन वर्षे संमतीचा कागद फक्त कायम कामगारांनाच दिला जात असे. कंत्राटी माणसांचा पगार ठेकेदार काढतो, तेव्हा कपात कशी करणार, असे कारण मी देत असे. मग एके दिवशी साफसफाईचे काम करणाऱ्या मावशी वीस रुपयांची नोट घेऊन माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "माझं नाव त्या कागदात नाही, पण वसतिगृहाच्या पोरींना माझे पण घाला." मी नोट घेतली. पैसे कुठे लिहायचे हे मला कळेना, कारण त्यांच्या नावाचा रकानाच नव्हता. त्या महिन्यात मी ठेकेदाराची चलने मागवून पाहिली. मावशींसह अकरा जणांचा भविष्य निर्वाह निधी चार महिने भरलेला नव्हता. ज्यांची चार महिने फसवणूक होत होती, त्यांच्यापैकी एक बाई मला वीस रुपये देऊन गेली होती.

तेव्हापासून ठेकेदाराचे देयक मंजूर करण्याआधी मी चलन पाहतो आणि एका दिवसाचाही उशीर झाला तर देयक अडवतो. आमच्या समितीच्या बैठकीत पहिला विषयही तोच असतो: या तिमाहीत कारखान्यातील कोणाचे देणे थकले आहे का? उत्तर होय असेल तर पुढची चर्चा थांबते. हा नियम समितीतल्या एका कंत्राटी कामगाराने सुचवला आणि मालकांनी तो मान्य केला.

रक्तपेढी

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. पैशांखेरीज आणखी एक देणे बहुतेक कारखान्यांत होते, ते म्हणजे रक्तदान शिबिर. त्याविषयी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. बहुतेक शिबिरे २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, कंपनीचा वर्धापनदिन किंवा कोणाचा तरी वाढदिवस अशा दिवशी होतात. एकाच दिवशी शेकडो पिशव्या जमतात. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात. लाल पेशी साठवणीच्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात. मग एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालये बंद असतात, लोक गावी गेलेले असतात आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारामुळे वारंवार रक्त लागणाऱ्या मुलांचे आईवडील आमच्या खिडकीशी उभे असतात. कारखाना मे महिन्यातही चालू असतो. आपल्याला खरोखर उपयोगी पडायचे असेल तर शिबिर मे महिन्यात ठेवा आणि तारीख रक्तपेढीला विचारून ठरवा.

दुसरी गोष्ट सहभागाच्या उद्दिष्टाविषयी आहे. विभागाला आकडा दिला की माणसे आपली माहिती लपवून खुर्चीवर बसतात. हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२.५ ग्रॅमच्या खाली असेल तर आम्ही घेत नाही. पुरुषांना दोन दानांत ९० दिवसांचे आणि स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर लागते. रात्रपाळी करून पुरेशी झोप न झालेल्या माणसाचे रक्त घेऊ नये, तसेच अंगमेहनतीचे काम करणाऱ्याने पुढच्या पाळीच्या आधीच्या २४ तासांत रक्तदान करू नये, असे दात्यांच्या निवडीचे नियम आहेत. साहेबांनी सांगितले म्हणून रात्रपाळी उतरून थेट आलेल्या माणसाला मी परत पाठवले, तेव्हा तो मला हात जोडून म्हणाला की नुसते नाव तरी लिहून घ्या. तो दाता होता की हजेरी लावायला आला होता, हे आपणच ठरवावे.

लेस्टरकर

मूळची साताऱ्याची, गेली बावीस वर्षे इंग्लंडमध्ये नोकरी करते. इथे पगारातून देणगी देण्याची सरकारमान्य पद्धत १९८७ पासून आहे. कर कापण्याआधीच रक्कम वळती होते, त्यामुळे २० टक्के दराने कर भरणाऱ्याने दहा पौंड दिले तर त्याच्या हातात येणारी रक्कम आठच पौंडांनी कमी होते. यातली एक गोष्ट आपल्या चर्चेशी थेट जोडलेली आहे. पैसे मालकाकडून एका मान्यताप्राप्त मध्यस्थ संस्थेकडे जातात आणि ती संस्था ते कर्मचाऱ्याने निवडलेल्या धर्मादाय संस्थेला पोहोचवते. माझे पैसे कर्करोगाच्या रुग्णालयाला जातात की प्राण्यांच्या आश्रयाला, हे माझ्या वरिष्ठांना कधीच कळत नाही. माझ्या नोकरीच्या ठिकाणी किती जण देतात याचा आकडा मी कधी ऐकलेला नाही आणि कोणाला विचारावासाही वाटला नाही.

भोसरीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल मी ही सगळी मते छापून मालकांच्या मुलांसमोर ठेवली आणि त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. वसतिगृह यांचा सहाव्या दिवसाचा प्रसंग वाचून थोरली मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. प्रवेशद्वाराचा तक्ता आणि विभागप्रमुखांचे उद्दिष्ट दोन्ही मागे घेतले आहे. त्याऐवजी समितीने कोणत्या संस्थेला किती आणि कशासाठी दिले याचा हिशेब दर तिमाहीला सूचनाफलकावर लागेल, त्यात देणाऱ्यांची संख्या नसेल. मुलांचा उत्साह मात्र मला मोडायचा नव्हता, म्हणून त्यांना विचारले की आपल्याला स्वतःला काय येते? धाकट्याला हिशेबाची सॉफ्टवेअर उत्तम येतात. आंबेगावच्या वसतिगृहाचे हिशेब अजून वह्यांत आहेत आणि लेखापरीक्षणाच्या वेळी ताईंची फार धावपळ होते. तो पुढच्या फेरीत मेंटेनन्सच्या दोघांबरोबर जाणार आहे.

जुना सभासद, आपल्या सांगण्यावरून मी चौकशी केली. आमच्याकडे भिशी आहे, हे मला इतकी वर्षे ठाऊकच नव्हते. ती पॅकिंग विभागातल्या एक ताई चालवतात आणि एकदाही हिशेब चुकलेला नाही, असे सगळे सांगतात. समितीचा हिशेब त्यांनी पाहावा असे मी त्यांना विचारले आहे. विचार करून सांगते, असे त्या म्हणाल्या.

रक्तपेढी, आपल्याला एक विचारायचे आहे. आमची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. मे महिन्यात बुधवारी पहिली पाळी सुटल्यावर, म्हणजे दुपारी साडेतीनपासून, शिबिर ठेवले तर त्या माणसांना दुसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती मिळेल. रात्रपाळीच्या लोकांना त्या दिवशी बोलवायचे नाही, असे ठरवले आहे. हे चालेल का?

रक्तपेढी

बुधवार उत्तम आहे. माणसांनी दुपारी जेवूनच यावे, भरपूर पाणी प्यावे आणि रक्त दिल्यावर निदान अर्धा तास तिथेच बसावे. दुचाकीवरून लगेच निघू देऊ नका. आपल्या कारखान्यात पंखे चालणारी आणि खाटा मावतील अशी एखादी खोली आहे का, ते कळवा. मे महिन्यात पत्र्याखाली शिबिर घेता येत नाही.

भोसरीकर

जेवणघर आहे. त्याला स्लॅब आहे आणि सहा पंखे आहेत. त्यातला एक बंद आहे, तो या आठवड्यात दुरुस्त करून घेतो.